घंटेचे पाय

१

रक्तपेढीतल्या मोठ्या फ्रिजचा कॉम्प्रेसर रात्रीतून बंद पडला, आतलं सगळं रक्त कोमट झालं आणि धोक्याची घंटा वाजली नाही. सकाळी तंत्रज्ञ बाईंनी पिशवी उचलली आणि ती हाताला गार लागली नाही, तेव्हा कुठे कळलं. त्याच दुपारी वरच्या मजल्यावर एक बाळंतीण रक्तावाचून गेली. मूल वाचलं.

फ्रिजच्या पोटात एक लहानसा संगणक होता, लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालणारा. त्यातल्या घंटेचा प्रोग्राम दादाने लिहिला होता. दादा म्हणजे माझा जुना सहकारी. सगळी कंपनी त्याला दादाच म्हणायची. फ्रिज बसवायच्या आधीच कॅन्सरने त्याला नेलं होतं. कंपनीने अहवालाचा मसुदा चटकन तयार केला आणि त्यात लिहिलं, दोष मूळ लेखकाच्या घंटेत आहे. मेलेल्या माणसावर खापर फोडण्याइतकं सोपं काम दुसरं नाही. तो उलट बोलायला येत नाही.

त्या मसुद्यावर बाहेरच्या एका जाणकाराची सही लागत होती, म्हणून हॉस्पिटलने मला बोलावलं. मी उभी हयात लिनक्सच्या गाभ्यात डोकं घालून काढली, आता निवृत्त आहे. कंपनीत असताना पोरं मला पाठीमागे खवट काकू म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती.

मसुदा वाचत होते तेवढ्यात दादाची बायको दारात उभी राहिली. वहिनी इतकी वाळली होती की मी आधी ओळखलंच नाही.

"बसत नाही, ताई. एकच विचारायचंय. यांच्या हातून माणूस मेलं का?"

"वहिनी, मी अजून काही बघितलेलं नाही. उद्या सकाळी बैठक आहे, तिथे सही."

"मग आज बघा. यांची चूक असली तर असली म्हणून सांगा, मी ऐकेन. पण खरं सांगा. ती बाई येते हो माझ्याकडे. डोळे मिटले की येते. चेहरा दिसत नाही, मी कुठे पाहिलाय तो? नुसतं पोट दिसतं."

मी पाणी पुढे केलं, तिने ग्लास नुसता हातात धरून ठेवला.

"आणि ते ऐकलंत का?" ती हळूच म्हणाली. "घंटा वाजली म्हणे. ती बाई गेल्यावर. फ्रिज रिकामा, कुणी हात लावलेला नाही, आणि आपोआप वाजली."

२

रक्तपेढी तळघरात होती. पांढऱ्या फरशा, पांढरे दिवे, खिडकी नाही. फ्रिज भिंतीला लागून उभा होता, कपाटाएवढा, आत रिकाम्या जाळ्या. दुरुस्त झालेला कॉम्प्रेसर घरघरत होता. आत ठेवायला काही नसताना तो इमानेइतबारे गारवा करत होता.

तंत्रज्ञ बाई बोलताना फ्रिजकडे पाठ करत नव्हत्या.

"माझ्यावर विश्वास ठेवू नका, पण ऐकून घ्या," त्या म्हणाल्या. "ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. मी इथे, आणि समोर कंपनीचा तो मुलगा, दादांच्या जागी आलेला. मशीन तपासायला पाठवलं होतं त्याला. मी म्हटलं आधी चहा घे, पोरा, तोंड बघ कसं उतरलंय. दोघांच्या हातात कप. आणि या पडद्यावरचे आकडे गेले. पूर्ण काळा झाला. मग परत उजळला. आणि घंटा वाजली."

"किती वेळ?"

"एकदाच. ठण्ण. कुणी हाक मारून गप्प बसावं तशी. त्या मुलाचा कप हातातून सुटला. मी तर भिंतीला चिकटले. माझ्या मनात काय आलं ते विचारू नका."

"ती बाई आली असं वाटलं?"

"वेळेवर वाजली नाहीस, आता वाज, असं कुणीतरी फ्रिजला सांगितलं, असं वाटलं," त्या म्हणाल्या, आणि डोळे पुसले.

मी म्हटलं, "बाई, लाइट जाऊन येते तेव्हाही पडदा काळा होऊन उजळत असेल ना? तेव्हा वाजते का अशी एकदा?"

त्यांनी मान हलवली. "बसवल्यापासून कितीदा लाइट गेली असेल. हूं नाही की चूं नाही."

दादाची खोड मला ठाऊक होती. तो लिहायचा ती प्रत्येक घंटा सुरू होताच एकदा वाजायची. "जागा झालो की हजेरी द्यावी," म्हणायचा. मशीन दरवेळी उठत होतं आणि घंटा हजेरी देत नव्हती. मग एका संध्याकाळी दिली.

म्हणजे तोवर तिथे दादाची घंटा नव्हतीच. मग तिच्या नावाने बसलं होतं कोण?

३

दादाच्या जागी आलेल्या मुलाला कंपनीत सगळे नवा म्हणत. जुना होईपर्यंत बिचारा टिकेल का, अशीच त्याची अवस्था होती. मी त्याच्या टेबलाशी खुर्ची ओढली तेव्हा तो उठूनच उभा राहिला.

"काकू, मी काही केलं नाही."

"केलंस असं कोण म्हणालं? बस. त्या रात्रीची नोंद काढ. कुठकुठली मॉड्यूल चालू होती, आणि कोण कुणाच्या आधारावर."

इथे थोडं सांगायला हवं. लिनक्सचा गाभा, म्हणजे सगळं चालवणारा मधला भाग, आटोपशीर ठेवतात. लागेल तसं एकेक मॉड्यूल, म्हणजे एका कामाचा सुटा प्रोग्राम, त्याला जोडायचं, नको झालं की काढायचं. पण मॉड्यूलं एकमेकांच्या आधाराने उभी असतात, म्हणून कोण कुणावर टेकलंय याचा हिशोब गाभा स्वतः ठेवतो. वरचा उभा असताना खालच्याला कुणी ओढून काढू लागलं तर तो साफ नकार देतो.

दादाची मॉड्यूलं तीन. 'आवाज' स्पीकर चालवायचं. 'घंटा' आवाजावर टेकलेली. आणि 'थंडी', म्हणजे फ्रिज चालवणारं, ते घंटेवर टेकलेलं. खरं तर फ्रिज गार करायला घंटा कशाला हवी? पण दादाने मुद्दाम ती गाठ मारली होती. लोक कटकट नको म्हणून घंटा काढून टाकतात, हे तो ओळखून होता. घंटा काढली की थंडीच उठणार नाही, अशी तजवीज. मी त्याला म्हटलं होतं, "अरे, घंटा नाव ठेवू नकोस, पोरं हसतील." तो म्हणाला, "हसू देत. वाजेल तेव्हा नाही हसणार."

नव्याने पडद्यावर नोंद आणली. "हे बघा. थंडी चालू. घंटा चालू, थंडीने तिला धरलेलं. सगळं जागेवर आहे, म्हणून तर आमचे साहेब म्हणतात की घंटा होती, पण तिच्यात दोष होता."

मीही तेच बघत होते. थंडी घंटेवर टेकली होती आणि घंटा तिथे होती. लहानपणी ऐकलेलं एकदम आठवलं. समोर उभा आहे तो माणूस की भूत, हे ओळखायचं तर तोंडाकडे बघू नये, पायांकडे बघावं.

"नव्या, घंटेवर कोण उभं आहे ते सगळ्यांनी बघितलं. घंटा कशावर उभी आहे? आवाजाची ओळ दाखव."

त्याने बोट खाली सरकवलं आणि ते तिथेच थांबलं. आवाज चालू होता. त्याला धरणारे: शून्य.

"काकू... कुणीच नाही."

"खरी घंटा आवाजावर टेकल्याशिवाय उभी राहूच शकत नाही. हिला पायच नाहीत. ही घंटा नाही रे, घंटेचं सोंग आहे. नाव तेच, थंडीला धरायला खुंटी तीच, आत पोकळ. गाभा नावावर आणि खुंटीवर विश्वास ठेवतो. वाजते का, हे तो कधी विचारत नाही."

आजची नोंद काढली. तिथे आवाजाला घंटेने व्यवस्थित धरलेलं होतं. बदल झाला होता तो नेमका पडदा काळा होऊन उजळला तेव्हा. म्हणजे बाहेरून कुणीतरी मशीनमध्ये शिरलं, सोंग पुसलं, मशीन पुन्हा सुरू केलं, आणि खरी घंटा जागी होऊन हजेरी देऊन गेली. आता कुणीही तपासलं असतं तर दादाचीच घंटा सापडली असती, आणि दोष तिच्या माथी आला असता.

"बाहेरून शिरायची किल्ली कुणाकडे?"

"दोघांकडेच. माझ्याकडे आणि साहेबांकडे." तो पांढरा पडला. "काकू, मी तर तिथे होतो. चहा पीत होतो. बाईंना विचारा!"

"विचारून आलेय. तुझा कप फुटला ते तुझं नशीब समज."

त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. मग नाक पुसत तो जे म्हणाला, ते मात्र मला ऐकायचं नव्हतं.

"पण ते सोंग साहेबांनी बनवलेलं नसणार. त्यांना एक ओळ लिहिता येत नाही, मूळचे विक्रीतले ते. आम्ही फ्रिजमध्ये जे भरलं ते सगळं एका डिस्कवरून जसंच्या तसं उतरवलं होतं. साहेबांनी आणून दिलेली डिस्क. दादांच्या घरातली."

४

दादाची खोली वहिनीने हलवली नव्हती. टेबलावर संगणक चालू, त्याच्या चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली, आणि कोपऱ्यात एक जुना फ्रिज. तपासणीसाठी त्याने तो आपल्या मशीनला जोडला होता. आत काही नसताना तोही चालूच होता.

"बंद करायचं धाडस होत नाही," वहिनी म्हणाली. "घरघर ऐकली की वाटतं, आतल्या खोलीत काम चाललंय."

मी फ्रिजचं दार उघडलं आणि उघडंच ठेवलं. गार हवा पायांवर आली. तापमानाचा आकडा चढू लागला. आम्ही दोघी बघत उभ्या राहिलो. आकडा धोक्याच्या रेषेपाशी आला, ओलांडून गेला, चढत राहिला. मला वाटत होतं, आता वाजेल. वाज रे बाबा, असं मी मनात म्हणत होते. देवाचं नाव घेत नाही मी कधी, ते घेतलं.

खोली गप्प. फक्त फ्रिज घरघरत होता.

"म्हणजे यांचीच," वहिनी म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता.

"थांबा."

मी त्याच्या खुर्चीत बसले. घंटा नावाच्या फाइली दोन निघाल्या. एक खरी, नेहमीच्या जागी. दुसरी पोकळ, वरच्या कप्प्यात. लिनक्समध्ये अशी सोय असते की एकाच नावाची दोन मॉड्यूलं असली, तर एका ठरावीक जागेतलं आधी उचललं जातं आणि दुसरं झाकलं जातं. आम्ही कामाच्या बोलण्यात त्या जागेला वरचा कप्पा म्हणायचो. तात्पुरतं काही वापरायचं असलं की तिथे ठेवायचं, काम झालं की काढायचं. खरं खाली सुरक्षित राहतं.

दोन्ही फाइलींवर लेखक म्हणून दादाचंच नाव होतं. मेलेला माणूस असा नावानिशी समोर येतो तेव्हा अंगावर काटा येतो, आणि रागही येतो. तुला कशाला हवं होतं रे हे सोंग?

"वहिनी, साहेब डिस्क न्यायला कधी आले?"

"हे गेल्यावर. पण ठरलं होतं आधीच. यांना भेटायला आले होते ना साहेब, तेव्हा याच खोलीत बसले होते दोघं. मी चहा घेऊन आले तर हे सांगत होते, 'नेताना आधी वरचं काढा बरं का. वरचं काढल्याशिवाय कुणाला देऊ नका.' दोनदा सांगितलं. साहेब म्हणाले, काढतो, काढतो." ती ओशाळून थोडी हसली. "नंतर साहेब आले तेव्हा मीच शिडी लावून माळ्यावरचं सगळं काढून दिलं. वायरी, मोडका पंखा, जुनी बॅग. साहेब काही बोलले नाहीत, गुपचूप गाडीत घालून घेऊन गेले. मला नवलच वाटलं, पंखा कशाला हवाय यांना."

मी उठून तिचे दोन्ही खांदे धरले.

"वहिनी, माळ्यावरचं नव्हतं हो ते. वरच्या कप्प्यातलं. हे सोंग. दादा त्यांना सांगत होता की सोंग काढा, मग न्या. साहेबांना कळलं होतं, म्हणून तर नंतर नेमकं तेच पुसलं. पण वेळेवर त्यांनी काढलं नाही."

तिला समजायला वेळ लागला. मग ती पलंगाच्या कडेवर बसली. उघड्या फ्रिजचं दार लावायला आम्ही दोघी विसरलो.

५

बैठकीच्या खोलीत हॉस्पिटलचे प्रमुख डॉक्टर, साहेब, नवा आणि मी. वहिनीला मी सोबत आणलं होतं. साहेबांनी नाक मुरडलं, पण डॉक्टरांनी तिला खुर्ची दिली.

मी पाल्हाळ लावलं नाही. पाय नसलेली घंटा सांगितली, चहाच्या वेळची ठण्ण सांगितली, दोन किल्ल्या सांगितल्या. तंत्रज्ञ बाईंना बोलावलं, त्यांनी नव्याच्या बाजूने साक्ष दिली. मग वहिनीने वरचं काढा ते सांगितलं, मोडक्या पंख्यासकट. नव्याला एक गोष्ट तेव्हा आठवली. ती बाई गेल्याच्या दुसऱ्या सकाळी साहेबांनी त्याला फोनवर सहज म्हणून विचारलं होतं, एका नावाच्या दोन फाइली असल्या आणि एक पुसली, तर दुसरी आपोआप उठते का? तो म्हणाला होता, उठते की.

साहेबांच्या कपाळावर घाम आला होता. पण मुरलेला माणूस, इतक्यात हार मानणारा नव्हे.

"ठीक आहे. फ्रिज द्यायची घाई होती, माझ्या डोक्यातून गेलं. नंतर घाबरलो आणि पुसलं. हे माझं चुकलं. पण मॅडम, एक मला सांगा, ते सोंग मी लिहिलं का? खरी घंटा हाताशी असताना माणूस खोटी का बनवतो? तपासणीत पळवाट हवी म्हणून. थंडी चालते म्हणून दाखवायचं आणि घंटेचं बघू पुढे. मूळ पाप त्याचं आहे. अहवालात आधी ते लिहा, मग माझं लिहा."

डॉक्टर माझ्याकडे बघू लागले. फाइल कधी बनवली ते फाइल सांगत होती. का बनवली, ते कुठेच नव्हतं.

"कधीची आहे हो ती, ताई?" वहिनीने विचारलं.

मी तारीख सांगितली. तिने बोटांवर मोजलं.

"दुसऱ्या केमोचा आठवडा," ती म्हणाली.

मग ती माझ्याकडे न बघता टेबलाकडे बघून बोलू लागली. "थंडीचं काम करत होते हे तेव्हा. सारखं फ्रिजचं दार उघडायचं, आकडा चढला की घंटा. दिवसा माझी नोकरी, रात्री यांच्या उलट्या, आणि मधल्या वेळात ती घंटा. किती दिवस डोळ्याला डोळा नाही. एकदा मी हातातलं पातेलं भिंतीवर फेकलं. म्हटलं, मला झोपू द्या हो, नाहीतर तुमच्याआधी मीच जाईन. असं बोलले मी आजारी माणसाला. दुसऱ्या दिवसापासून घंटा नाही. मी विचारलं, संपलं का काम? म्हणाले, संपलं. पण संपलं कुठे होतं? न वाजवता करत बसले होते. मी पलीकडे झोपले होते आणि ते करत बसले होते."

नवा खाली मान घालून रडत होता. दादावर मी कालपासून रागावले होते, तो राग कुठे गेला मला कळलं नाही.

साहेब एकदम मऊ आवाजात म्हणाले, "वहिनी, हे तुमचं घरचं झालं. हे असं अहवालात आणू नये. तो उद्या त्या बाईच्या घरच्यांच्या हातात जाणार. लोक काय म्हणतील तुम्हाला?"

आणि खरं सांगते, मलाही क्षणभर तेच वाटलं. पळवाट नव्हती, एवढं लिहून भागलं असतं. तिला त्यात ओढायची गरज नव्हती.

"घरचं होतं," वहिनी म्हणाली. "त्या बाईलाही घर होतं. तिच्या नवऱ्याने विचारलं की घंटा का वाजली नाही, तर त्याला काय सांगणार? पळवाट नव्हती म्हणून सांगणार? यांनी माझ्यासाठी बंद केली, आणि वरचं काढा म्हणून दोनदा सांगूनही साहेबांनी ते काढलं नाही. दोन्ही लिहा, ताई. अर्धं लिहू नका."

मी मसुदा बाजूला सारला आणि कोऱ्या कागदावर लिहायला घेतलं. साहेबांचं सगळं लिहिलं, काही वगळलं नाही. मग लिहिलं की सदर पोकळ मॉड्यूल लेखकाने आपल्या घरी, तात्पुरतं, पत्नीला झोप मिळावी म्हणून बनवलं होतं, आणि ते काढून टाकण्याची स्पष्ट सूचना दिली होती. कागद तिच्यापुढे सरकवला.

तिने बोट ठेवून ओळ न् ओळ वाचली. शेवटी ते बोट एका शब्दापाशी थांबलं.

"झोप नाही, ताई. गाढ झोप लिहा," ती म्हणाली. "तशी मी नंतर कधी झोपले नाही."

मी 'गाढ' हा शब्द वर लिहिला, आणि खाली सही केली.